गोठ्यातले काऊबॉय

२६ डिसेंबर
नातू मर्विन कॅनडाहून आला. त्याला धड चहाही मिळाला नाही. सून पॉलिन आरशासमोर टोप्या घालून बघतेय! रविवारी वाडीत काऊबॉय पार्टी. "आई, ते गायी राखणारे लोक. तिकडे त्यांचा केवढा मान!"
असेल. आमच्या नंदाखाल गावात गुराख्याला कोणी मुलगी देत नाही.

२७ डिसेंबर
आता कळलं. पार्टी झाली की माझी गाय रोझी विकणार. गोठा पाडून लॉन करणार, पार्ट्यांना भाड्याने द्यायला. घर मर्विनच्या पैशावर चालतं, तो हो म्हणाला की झालं. माझ्या मुलाला, वॉल्टरला विचारलं, तुझं काय? "आई, वास येतो गं." गायीच्याच दुधावर वाढलं हे माझं ध्यान!
मर्विन मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. तिथे ऑफिसात मॅनेजर आहे म्हणे. मॅनेजरला तोंड नसतं?

२८ डिसेंबर
रोझीला मागे माडाला बांधलं. पाहुण्यांना दिसायला नको—गायवाल्यांच्या पार्टीत गाय! तिचा पेंढा मात्र चालतो. त्याचे भारे बांधून बसायला ठेवलेत.

२९ डिसेंबर
झाला तमाशा. वॉल्टर गमबूट घालून, कमरेला दिवाळीतलं पिस्तूल! तिकडचं जेवण म्हणून टिनातली गोडसर घेवड्याची उसळ. सगळ्यांनी चमचाभर घेतली आणि आमच्या झणझणीत पोर्क इंद्यालवर तुटून पडले.
तेवढ्यात रोझी दावं तोडून आली. काय केलं बिचारीने? स्वतःचा पेंढा खाल्ला. त्यावर पॉलिनची बहीण ज्युली बसली होती, त्याला रोझी काय करणार! ज्युली किंचाळली. सगळे काऊबॉय स्टेजवर चढले. वॉल्टर वरून ओरडतो, "आई, तुझी गाय धर!"
मी उठेपर्यंत मर्विन पोचला. मानेखाली खाजवलं, खांद्याने रेटत मागे नेलं, पटकन गाठ मारली. पाय शेणात गेला, खाली बघितलंसुद्धा नाही.
ऑफिसातला हात नव्हता तो.

३० डिसेंबर
सकाळी गोठा झाडलेला. मर्विन धार काढतोय.
"मॅनेजरसाहेब, हे कोणी शिकवलं?"
"आजी, तिथे मी हेच करतो. मॅनेजर मला मम्मीने केलं."
"मग सांगितलं का नाहीस?"
"ती सगळ्या गावाला सांगून बसली होती."

३१ डिसेंबर
रोझी राहिली. मर्विनने बापाला ठणकावून सांगितलं, गाय विकायची नाही. का, ते फक्त मला सांगितलं—तिथलं काम दिवाळीआधीच सुटलं. आता तो परत जाणार नाही, इथेच गायी सांभाळणार.
पॉलिनला मी सांगायचं ठरलंय. आधी तिला जेवू दे.