कस्तुराबाईंच्या नजरेसमोरचं दार

२२ एप्रिल

आलो एकदाच्या! उस्मानपुऱ्यातलं हे घर फोटोत दिसलं त्याहून मोठं निघालं. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे गच्ची. गच्चीला जुनं सागवानी दार. अशूनं चपला भिरकावून गच्चीचा ताबा घेतला. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये नऊ वर्षांच्या मुलीला एवढं धावायला मिळत नाही. खाली मालक अनंतराव आणि शैलाकाकू राहतात. चहा देताना काकूंनी सांगून टाकलं की इथं उन्हाळ्यात कुणी सुट्टीला येत नाही, शिक्षा भोगायला येतं.

मी कामासाठी आलेय. ऋतुराजनं कन्नड तालुक्यात मेंढपाळांवर माहितीपट चित्रित केलाय, त्याचं संकलन माझ्याकडे. टेबल गच्चीच्या दाराजवळच मांडलंय. वारा येतो. बरं वाटतंय.

२४ एप्रिल

दिवसभर चित्रणातल्या मेंढपाळ कस्तुराबाई बघितल्या. ऋतुराज पोरगा कॅमेरा छान लावतो. त्यानं तो जमिनीलगत, बसलेल्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवलाय. वरून घेतला असता तर त्या बिचाऱ्या वाटल्या असत्या. आता आपणच त्यांच्या घरात पाहुणे म्हणून मांडी घालून बसलोय असं वाटतं.

एका शॉटमध्ये त्या लोकर कातता कातता मान वर करतात. चौकटीबाहेर कुणाकडे तरी बघतात. चेहरा हळूहळू उमलतो, हात पुढे होतो. मला काम थांबवावं लागलं.

त्या कुणाकडे बघतात, हे ऋतुराजला फोनवर विचारलं. म्हणाला, ताई, समोरचा शॉट घ्यायचाच राहिला. मग बाकीचं सांगितलं. त्यांची मुलगी सुकेशनी अशूएवढीच होती. चार वर्षांपूर्वी पावसात कोकराच्या मागे घाटात उतरली, ती सापडलीच नाही. कस्तुराबाईंनी तिचे दिवस घालू दिले नाहीत, घराचं दारही लावत नाहीत. ऋतुराजनं त्यांना सांगितलं होतं, दाराकडे बघा आणि पोर आली असं समजा.

मला ते आवडलं नाही. पण तो शॉट टाकवतही नाही.

२५ एप्रिल

ऋतुराजनं कस्तुराबाईंशी बोलणं करून दिलं. त्यांचा पहिला प्रश्न, लई काळी दिसते व्हय मी त्याच्यात? जरा उजळ करा की बाई, मशीन तर तुमचीच हाय. मी म्हटलं, छान दिसता. तर म्हणाल्या, खोटं बोलाय पुण्यात शिकवितेत वाटतं. दोघी खूप हसलो.

२६ एप्रिल

समोरच्या शॉटची अडचण सुटली. बघणारा एका गावात आणि बघितलेलं दुसऱ्या गावात असलं तरी चालतं. दोन तुकडे शेजारी ठेवले की प्रेक्षक मधली वाट स्वतःच चालून जातात. आमचा सगळा धंदा त्यावर चालतो.

सकाळच्या उन्हात मी फोन जमिनीवर ठेवून गच्चीचं दार चित्रित केलं. तेवढ्यात अशू गच्चीवरून आत आली. मागून ऊन, त्यामुळे चेहरा काळोखात, नुसती अनवाणी आकृती. पुसणार होते, पण तेच हवं होतं. चेहरा दिसला नाही की बघणारा आपल्याला हवा तो भरतो.

कस्तुराबाई बघतात. दारात मूल. कस्तुराबाई हसतात. जोडून बघितलं आणि अंगावर काटा आला. जमलंय.

२९ एप्रिल

ऋतुराजनं कन्नडच्या बाजारात फोनवर तो भाग कस्तुराबाईंना दाखवला. त्या रडल्या नाहीत म्हणे. पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, आली. मग हे घर कुठलं, विचारलं. आणि या शहाण्यानं सांगितलं.

अशूच्या केसांना ओल्या लोकरीचा वास येतोय. बाहेर आभाळात ढगाचं नखही नाही. दोनदा न्हाऊ घातलं.

१ मे

अशूनं दूध-पोळी बाजूला सारली आणि भाकरी मागितली. शैलाकाकूंनी थापून दिली. ती उंबऱ्यात उकिडवी बसून चटणीशी खाऊन मोकळी झाली. काकू कौतुकानं म्हणाल्या, मराठवाड्याचं पाणी लागलं तुझ्या लेकीला.

मला मात्र ती दुपारपासून बाई म्हणतेय. आई नाही. बाई.

३ मे

दाराचा शॉट पुन्हा उघडला. मी चित्रित केलं तेव्हा अशूनं जीन्स घातली होती, मला नक्की आठवतंय. त्यात परकर आहे. ओला. कडेनं पाणी ठिबकतंय.

हाक मारली तरी अशू वळत नाही. सुकेशनी म्हटल्यावर वळली. मी का म्हटलं ते — का म्हटलं मी?

४ मे

शॉट काढून टाकला. त्याच्या जागी नुसता काळा पडदा. कस्तुराबाई बघतात, समोर कुणी नाही.

अशू टेबलाशेजारीच खेळत होती. तिथंच पडली. अंग बर्फासारखं, श्वास जेमतेम. ओठ निळे, नखांत चिखल. अनंतराव डॉक्टरांना आणायला धावले. मी शॉट परत जोडला. ती उठून बसली.

डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं असेल. ऊन!

पुण्याला निघालो होतो. रिक्षात बसवताच पुन्हा तसंच. परत वर आणलं.

५ मे

कस्तुराबाईंचा फोन. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, पोर दमली असंल, जेवू घाला, उद्या सकाळच्या गाडीनं न्यायला येते. मी ओरडले, ती माझी अशू आहे, तुमची नाही. त्या रागावल्या नाहीत. मऊ आवाजात म्हणाल्या, बाई, तुमीच तर दावली मला.

खरंच. मीच दाखवली.

६ मे, सकाळ

समजलं. ती नजर रिकामी ठेवता येत नाही. तिच्यासमोर कुणीतरी उभं राहायलाच हवं. अशूच हवी असं नाही.

फोन जमिनीवर ठेवला. सकाळचं ऊन गच्चीकडून येतंय, अगदी हवं तसं. दारातून आत आले, चेहरा काळोखात. अशूचा तुकडा काढला, माझा जोडला. चालवून बघितला. कस्तुराबाईंनी मान वर केली. हसल्या.

अशू खोलीतून धावत आली. आई, भूक लागली, म्हणाली. आई म्हणाली! मी तिला कितीतरी वेळ धरून ठेवलं. तिनं नाक मुरडलं, तुला कसला वास येतोय म्हणाली.

६ मे

दुपार. अशूला खाली काकूंकडे पाठवलं. माझे केस भिजलेत. गच्चीवर ऊन रणरणतंय आणि मला थंडी —

ती परत वर आली होती. दारात उभी राहून मला बघत होती. मग जिन्यावरून ओरडली, काकू, वर कुणी बाई बसलीय, आई कुठंय?

वाईट वाटायला हवं. वाटतंय. नाव लिहून ठेवते. अशू. अश्लेषा. ती माझी — कोण ती —

जिन्यात कुणीतरी चढतंय. दमानं, गुडघ्यावर हात टेकत. वळखीचं पाऊल हाय.

कोकरू गावलं नाय. लई हुडकलं. आय रागं भरंल —

नाय, हसतीया. हात म्होरं केलाय. आये, म्या हितंच व्हते, म्या हि