देवावर सोडलेलं दार

ती. आत्याबाई,

तुमच्या लेकानं मला वीट आणलाय. ते शिंगणापुरात बिनदाराच्या घरात वाढले ते ठीक, पण हे श्रीरामपूर आहे! रविवारी मी चर्चला गेले, तर हे आपले दार सताड उघडं टाकून बाजारात. परत येते तर कुकर आणि मिक्सर गायब. मी बोंबलले, तर म्हणतात, "शनिमहाराज बघून घेतील. चोराला साडेसाती लागंल."

अहो, साडेसाती मलाच लागलीय! म्हटलं, तुमच्या महाराजांची हद्द शिंगणापुरातच संपते.

काल मीच भलंमोठं कुलूप आणलं. माझी आई लावायची तसंच लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि दारावर हात ठेवून म्हणाले, "प्रभू, घर राख."

हे पायरीवर चपला घालत होते. म्हणाले, "मी सगळं देवावर सोडतो. तू देवाला सांगतीस अन् वर कुलूप पन लावतीस. मग इस्वास कुनाचा जास्त?"

हे पत्र काही मी टाकत नाही. तुम्ही लेकाचीच बाजू घ्याल.

त्यांचं ते ऐकून मी तरातरा गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेले, आणि परत आले. कुलूप पुन्हा ओढून पाहायला.

तुमची वैतागलेली सून,
सलोमी