झेंडूखालचा पिवळा दिवा

मालवण, दसऱ्यानंतरचा सोमवार, २००८

आज सोनाराच्या दुकानात चिडलोच. मी बसवलेल्या अलार्मच्या पेटीवर दसऱ्याचा झेंडूचा हार तसाच, आणि त्याच्याखाली पिवळा दिवा लुकलुकतोय. टेलिफोनची तार तुटली तर मोबाईलवरून खबर जावी म्हणून आत सिमकार्ड आहे. पेटी त्याला थोड्या थोड्या वेळाने 'आहेस ना?' विचारते. उत्तर आलं नाही की पिवळा दिवा. सिमची मुदत संपली होती. मधे कोणी तार कापली असती तर? शेठ म्हणतात, "पुजलेलो हार असो कसो काढूचो रे?"

नवं सिम घातलं, दिवा विझला. पण ते 'आहेस ना?' काही डोक्यातून जाईना. लहानपणी तोंडवलीला दिवेलागणीला शेजारची काकी कुंपणापलीकडून हाक मारायची, "आसस गो?" आई चुलीपासूनच ओरडायची, "आसंय गो!" दोघींचे नवरे समुद्रावर. एखाद्या दिवशी उत्तर गेलं नाही, तर काकी हातातलं टाकून धावत यायची.

काकी जाऊन वर्ष झालं, तिचं घर तेव्हापासून बंदच. आता आईला कोण विचारतं? घरी आल्या आल्या फोन लावला. दिवेलागणच होती. मी विचारणार, तोच ती म्हणाली, "वायच थांब हां."

रिसीव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला. मग लांबून, घरापुढच्या खळ्यातून, आईची हाक.

"आसंय गो!"