मुक्ताबाईच्या पत्र्यांवरची नावं

मु. पो. कोन्हेवाडी, ता. अक्कलकोट
रविवार, उपासनेनंतर आणि भांडी घासायच्या आधी

तीर्थस्वरूप पद्मजाताई व भाऊजी यांस,

धाकट्या कृपाचा प्रभू येशूच्या नावात सलाम. ताई, तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचं पित्त बसलं का? (त्यांना म्हणावं, बार्शीच्या बाजारातला तो चिवडा सोडल्याशिवाय बसायचं नाही.) इकडे आम्ही सर्व सुखरूप आहोत. आम्ही सर्व म्हणजे मी, हे, मुक्ताबाई, मुक्ताबाईच्या दोन शेळ्या आणि एक खुडूक कोंबडी. फोन न करता पत्र का लिहिते म्हणून रागावू नकोस. पाळकघरात रेंज मिळते ती फक्त ओसरीवर, आणि ओसरीवर मुक्ताबाई असते. मी ‘हॅलो’ म्हटलं की ती ‘कोन, बार्शीची व्हय?’ म्हणून विचारते आणि पुढची सगळी उत्तरं तीच देते. मागच्या वेळी तू माझ्या तब्येतीची चौकशी केलीस तेव्हा ‘वाढलीया’ असं जे तुला ऐकू आलं, ते मी बोलले नव्हते.

मुक्ताबाई म्हणजे आमच्या मंडळीतली सगळ्यात म्हातारी सभासद. नवरा कधीच गेला, मूलबाळ नाही, शेळ्यांवर गुजराण. गावाच्या कडेला, अक्कलकोटच्या रस्त्याला लागून तिचं दोन पाखी पत्र्याचं घर. एक पाखं रस्त्याकडे उतरतं, दुसरं मागे ओढ्याकडे. (हे नीट लक्षात ठेव, पुढचा सगळा तमाशा या भूगोलामुळे झाला.) वैशाखात जे वादळ आलं त्यात तिचे पत्रे उडाले. एक पत्रा ज्ञानू धनगराच्या मेंढ्यांत जाऊन पडला. मेंढ्या वाचल्या, ज्ञानू अजून आभाळाकडे बघत चालतो. बाकीचे कुठं गेले ते देवाला ठाऊक. त्या संध्याकाळी हे मुक्ताबाईला घरी घेऊन आले आणि मला म्हणाले, ‘दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे.’ पाळकाच्या तोंडून खोटं येत नाही असं लोक समजतात. मीही समजत होते.

पुढच्याच रविवारी पंच कमिटी बसली. आमची मंडळी केवढीशी! नाताळला सगळी आली तरी मागचे बाक रिकामे राहतात. पण तेवढ्यातही दोन पक्ष आहेत. एक ईरप्पांचा. त्यांचं सिमेंट-पत्र्याचं दुकान आहे. दुसरा जोतिराम मास्तरांचा. ते निवृत्त मुख्याध्यापक, आणि निवृत्त झाले हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. या दोघांनी आमच्या चर्चला इतकं दिलंय की विचारू नकोस. पंखे ईरप्पांचे. प्रत्येक पात्यावर त्यांच्या वडिलांचं नाव लाल रंगात. पंखा फिरला की नाव वाचता येत नाही, म्हणून उपासनेत पंखा बंद ठेवायचा असा त्यांचा आग्रह. बाक मास्तरांचे. त्यांवर मास्तरांच्या आईचं नाव, तेही बरोबर पाठ टेकते तिथं, खोल कोरलेलं. ह्यांचा उपदेश लांबला की ते अंगावर उमटतं. उन्हाळ्यात आमची मंडळी घामानं निथळत, पाठीवर मास्तरांच्या मातोश्री घेऊन घरी जाते.

तर कमिटीत मुक्ताबाईच्या छपराचा विषय निघाला आणि ईरप्पा म्हणाले, सगळे पत्रे माझे. मास्तर म्हणाले, छे, सगळे माझे. दोघांचा आवाज इतका चढला की बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, इथं वाटणीचं भांडण चाललंय. शेवटी ह्यांनी तोडगा काढला, एक पाखं ईरप्पांनी द्यावं आणि एक मास्तरांनी. लगेच प्रार्थना झाली, चहा झाला, दोघांनी एकमेकांना मिठी मारली. घरी येऊन हे मला म्हणाले, ‘कृपा, मंडळीत ऐक्य आलं.’ मी भाकरी थापत होते. मुक्ताबाई चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, ‘रस्त्याकडचं पाखं कोन घेतंय?’

ताई, ह्यांचा घास हातातच राहिला.

कारण दोघांनीही तोवर अक्कलकोटच्या पेंटरला बोलावून पत्र्यांवर नावं रंगवायला घेतली होती. ईरप्पांनी ‘ईरप्पा यांजकडून सप्रेम भेट’ आणि खाली दुकानाचा मोबाईल नंबर. मास्तरांनी ‘जोतिराम मास्तर, आदर्श शिक्षक’. (आदर्श कुणी ठरवलं हे विचारायचं नाही, मी एकदा विचारलं होतं.) नावाची अक्षरं एवढाली, की एकेका पत्र्यावर एकेकच अक्षर मावलं. आता ओढ्याकडच्या पाख्यावरचं नाव वाचणार कोण? तिकडं म्हशी जातात. रस्त्याकडचं मात्र येता-जाता प्रत्येक एसटीतली माणसं वाचणार. कमिटी पुन्हा बसली. कुणीतरी सुचवलं, दोन्ही पाख्यांवर एक पत्रा ईरप्पांचा, एक मास्तरांचा असे आलटून-पालटून लावू. चर्चच्या अंगणात तसे मांडून पाहिले. ‘ईजोरतिप्पाराम’ असं झालं. कर्नाटकातल्या एखाद्या गावाची पाटी वाटली. तेही बारगळलं.

आणि या सगळ्या काळात पत्रे चर्चच्या अंगणात, त्यांच्या सावलीत मुक्ताबाईच्या शेळ्या, आणि मुक्ताबाई माझ्या स्वयंपाकघरात. तिची कुरकुर नसते, एवढं मी शपथेवर सांगेन. पण ती प्रार्थना करते. जेवायच्या आधी डोळे मिटून मोठ्यानं म्हणते, ‘देवा, हिच्या हाताला चव दे.’ समोर ताट, शेजारी नवरा, मी काय ‘आमेन’ म्हणू? आणि हे म्हणतात! एकदा प्रार्थनेत तिनं माझा नवा गाऊन आणला. देवानं तो पाहिलेला नव्हता, आता पाहिला असेल. माझी भाकरी जाड, माझं झाडणं वरवरचं, माझं गाणं मात्र चांगलं, असं ती येईल त्याला सांगते. भेटायला येणारी माणसं आधी तिच्याशी बोलतात आणि मग वेळ उरला तर ह्यांच्याशी. खरं सांगू का, हल्ली माझ्याही सवयीचं झालंय. दुपारी ती शेंगा फोडत बसते, मी निवडत बसते, आणि गावात कुणाचं काय चाललंय ते मला वर्तमानपत्राआधी कळतं.

शेवटी ह्यांनी धीर करून गुप्तपणे दान देण्यावर उपदेश केला. इतका चांगला उपदेश मी त्यांचा ऐकला नव्हता. (पंखे बंद होते तरी कुणी हललं नाही.) मला वाटलं, आता दोघं खाली माना घालणार. उपासना सुटल्यावर ईरप्पा भरल्या डोळ्यांनी आले, ह्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, ‘पाळकसाहेब, असा उपदेश झाला पायजे! पुढल्या टायमाला गुप्त दान देणाऱ्यांची नावं बी वाचून दाखवा.’ मास्तर त्यांच्या मागे उभे होते. म्हणाले, ‘आडनावाप्रमाणे नको, वयाप्रमाणे वाचा.’

मग सोलापूरहून मंडळीच्या मोठ्या साहेबांना बोलावणं गेलं. त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. रस्त्याकडचं पाखं ईरप्पांना निघालं. मास्तर तीन रविवार आजारी पडले. नंतर एका अटीवर बरे झाले, की पत्रे नुसते न बसवता अर्पणविधी करायचा, आणि त्यात त्यांचं भाषण आधी.

तो अर्पणविधी मागच्या रविवारी झाला. फ्लेक्स लावला होता. त्यावर ईरप्पा आणि मास्तर माणसाएवढे मोठे, साहेब त्याहून थोडे लहान, हे कोपऱ्यात, आणि मुक्ताबाई आधार कार्डावरच्या फोटोत, पोस्टाच्या तिकिटाएवढी, पकडलेल्या चोरासारखी बघत असलेली. पत्र्यांना झेंडूचे हार. मुक्ताबाईला खुर्चीवर बसवलं होतं. बिचारी नवं लुगडं नेसून, शेळीचं दावं हातात धरून बसली. (शेळीला घरी ठेवायला ती तयार नव्हती. म्हणाली, तिचं बी छप्पर गेलंय.) मास्तर बोलले. ईरप्पा बोलले. साहेब बोलले. दोघांनी मिळून एक पत्रा तिच्या हातात दिल्याचा फोटो काढायचा होता, पण पत्रा केवढा आणि मुक्ताबाई केवढी! ती पत्र्यामागे पुरती झाकली गेली, आणि फोटोत दोन दाते आणि शेळीच आली.

मग साहेबांनी मोठ्या मनानं म्हटलं, ‘आजी, दोन शब्द बोला.’ हे कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी डोळे मिटले.

मुक्ताबाई उठली. माईक तिनं हातात धरला नाही, त्याच्याकडे नुसतं पाहिलं. म्हणाली, ‘पत्रं लई चांगलं हायती. देव ईरप्पाचं भलं करो, मास्तराचं भलं करो. पर एक इचारते. माझा धनी गेल्यापासनं माझ्या डोईवर कुन्या बाप्याचं नाव न्हाय. लोकांनी बोट दावलं न्हाय. आता ह्या वयात दोन-दोन बाप्यांच्या नावाखाली निजू व्हय मी? आन् ते बी यष्टीतल्या मानसांनी वाचावं असं?’

मग बायकांच्या बाजूनं कुणीतरी फुसकन हसलं. (ती मी नव्हते. निदान पहिली मी नव्हते.) आणि ईरप्पांची बायको शिवम्मा ताडकन उभी राहिली. कार्यक्रमात कधी तोंड उघडत नाही ती. म्हणाली, ‘अय्यो, पुसा ते! आत्ताच्या आत्ता पुसा! माझ्या नवऱ्याचं नाव दुसरीच्या घरावर कशाला? माझ्या घरावर तरी लिवलं का कधी? तितं बी ह्यांच्या आईचंच हाय!’ ईरप्पा म्हणाले, अगं ऑइलपेंट आहे, निघायचा नाही. ‘तुमच्याच दुकानात थिनर हाय की,’ असं म्हणून ती दुकानाकडे चालू लागली. मास्तरीणबाई मास्तरांपुढे आजवर एक अक्षर बोललेल्या नाहीत. त्या आताही बोलल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला, तारेचा ब्रश घेतला आणि थेट ‘आदर्श’पासून सुरुवात केली.

ताई, सगळ्या बायका खाली बसून पत्रे घासतायत, हार बाजूला पडलेत, ते शेळी खातेय, असा आमचा अर्पणविधी झाला. साहेबांनी समारोपाची प्रार्थना केली, पण खरवडण्याच्या आवाजात देवाखेरीज कुणाला ती ऐकू गेली नसावी. पत्रे कोरे झाले आणि कोरे झाल्यावर कुठला पत्रा कुठल्या पाख्यावर याला काही अर्थच उरला नाही. दुसऱ्या दिवशी ज्ञानूनं आणि ह्यांनी शिडी लावून दुपारपर्यंत छप्पर बसवलं. मास्तर खाली उभे राहून सूचना देत होते, ईरप्पांनी खिळे मात्र गुपचूप पाठवले. दुकानाचा मोबाईल नंबर तेवढा रस्त्याकडच्या पत्र्यांवर राहिला. शिवम्मा म्हणाली, नाव गेलं ते बास, धंदा कशाला बुडवायचा. आता रस्त्यानं जाणारे व्यापारी दिवसा तिथं चरायला सोडलेल्या मुक्ताबाईच्या शेळ्या बघतात, छपरावरचा नंबर लावतात आणि ईरप्पांना विचारतात, ‘शेळी कितीला?’ ईरप्पा आधी चिडायचे. कालपासून दर सांगायला लागलेत म्हणे.

मुक्ताबाई मात्र अजून आमच्याकडेच आहे. कोंबडी ह्यांच्या झग्याच्या पेटीत अंड्यांवर बसली आहे आणि पिल्लं निघेपर्यंत तिला उठवायचं नाही, असं मुक्ताबाईचं म्हणणं. हे जुना झगा घालून उपासना घेतात. मी कुणाला काही बोलत नाही. आपण जे करतो ते देव पाहतो, तेवढं पुरे. माणसांनी पाहून काय करायचंय?

भाऊजींना सलाम. गुडघ्याला शेक घे.

तुझी धाकटी,
कृपा

ता. क. भाऊजी मंडळीच्या ज्या मासिकाचं काम बघतात त्यात ‘गावोगावच्या वार्ता’ असं पान असतं. त्यांना त्रास नको म्हणून बातमी मीच लिहून सोबत जोडली आहे. मथळा ‘निराधार वृद्धेस पाळकीणबाईंचा आसरा’ असा ठेवलाय. पहिल्या पानाचा आग्रह नाही. दुसरं चालेल.

ता. क. २. माझं नाव मोठ्या टायपात नको, लोक काय म्हणतील! पण पूर्ण यावं: सौ. कृपा आशिष रणभिसे, बी. ए. मागे एकदा नुसतं ‘पाळकांच्या पत्नीनेही साहाय्य केले’ असं छापून आलं होतं आणि इथं चार जणांनी मला विचारलं, त्या कोण?

ता. क. ३. फोटो पाठवत आहे. मी आणि मुक्ताबाई ओसरीवर. माझा चांगला आलाय, मुक्ताबाई शेळीकडे बघत होती. जागा कमी पडली तर तिच्या बाजूनं कापा.