ठिपका विहारातच

२४ जून, सोमवार

ट्रॅकर आला. नारिंगी, तळहातात मावेल एवढा, एका कडेला झाकणाखाली लाल बटण. कॉलेजचा लॅपटॉप विकून घेतला. कॉलेजच सोडलं, लॅपटॉपचं काय लोणचं घालायचं? (सर्व्हेच्या मास्तरांनी तिसऱ्यांदा नकाशा काढायला सांगितला तेव्हा मी तो तळ्यात फेकला. नकाशा. मास्तरांना नाही. लोक वाढवून सांगतात.)

आमच्या पुआ गावाच्या वर डोंगरात फोनला रेंज नसते. हा थेट उपग्रहाशी बोलतो. दर दहा मिनिटांनी नकाशावर आपला ठिपका पुढे सरकतो. छोटं बटण दाबलं की आधी लिहून ठेवलेला निरोप जातो, फोन जोडायचा खटाटोप केला तर नवाही लिहिता येतो. लाल दाबलं की सुटका करणारे येतात. नकाशाची लिंक जगात एकाच माणसाला पाठवली. फिमला.

फिम माझ्याच वर्गात होती. तिने डिग्री पूर्ण केली, आता तालुक्यात रस्ते मोजायच्या नोकरीवर आहे. मागच्या महिन्यात मी म्हटलं, मोटरसायकलवर मागे बस, डोंगरावर जाऊन येऊ. म्हणाली, "खेम, तू बाजारात उभ्या म्हशीला धडकलास. चालती असती तर मी समजून घेतलं असतं."

म्हणून ही सोलो राइड. पाच दिवस, एकटा, मीठविहिरींच्या गावावरून थेट सरहद्दीपर्यंत. तिला कळेल की हा माणूस बेजबाबदार नाही, उपग्रहाला सांगून जातो. दिवसभर ती माझा ठिपका बघत बसेल. ठिपका बघताबघता माणूस आवडायला लागतो असं माझं मत आहे.

निश्चय: पहाटे पाचला उठणे. रागावर ताबा. तिला स्वतःहून फोन न करणे.

संध्याकाळी केला. ती जेवत होती. निश्चय मोडला असं म्हणता येणार नाही, तो उद्यापासून होता.

२५ जून

ट्रॅकरमध्ये निरोप लिहिला: "मी ठीक आहे. मन शांत आहे. तुझी आठवण येते." देचला दाखवला. देच म्हणजे आमच्या गल्लीतला मेकॅनिक, जो मित्रही समजला जातो. म्हणाला, शेवटचं वाक्य काढ, बटण चुकून खिशात दाबलं गेलं तर पोरगी दिवसभरात चाळीस वेळा घाबरेल. जळतो. काढलं नाही.

मग त्याने विचारलं, एवढं करण्यापेक्षा सरळ भिक्खूचं चिवर का घालत नाहीस? फिमची आई ओरनमावशी नूडल्सच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर मला "कच्चा" म्हणते, हे त्यालाही माहीत. आमच्याकडे थोडे दिवस भिक्खू राहून न आलेला पुरुष म्हणजे कच्चा. कच्च्याला मुलगी कोण देणार, म्हणते. मी तेवीसचा आहे. डोकं भादरा, भुवयासुद्धा भादरा, दुपारी बारानंतर उपाशी बसा आणि मोटरसायकलला हात नाही. त्यापेक्षा कच्चा बरा. कच्ची पपई लोक आवडीने खातात.

२६ जून, बुधवार

आई ऐकेना. आशीर्वादाशिवाय गाडी फाटकाबाहेर जाणार नाही म्हणाली. तिच्या माहेरच्या गावच्या विहारात गेलो. मला वाटलं, मोठे भंते गाडीवर पाणी शिंपडतील आणि सुटका. त्यांनी आधी ट्रॅकर हातात घेतला. हे काय करतं? मी सांगितलं, मी कुठे आहे ते आकाशाला कळवतं. त्यांना पटलं. म्हणाले, मग जपायचं ते यालाच.

पुढचा पाऊण तास त्यांनी शिशाच्या पत्र्यावर मंत्र कोरले. तो पत्रा ट्रॅकरभोवती तीन वेढे घट्ट गुंडाळला, वर पांढरा दोरा, दोऱ्यावर मेण. परत येईपर्यंत सोडायचं नाही. पत्र्याला दोन भोकं ठेवली, एकातून छोटं बटण दिसतं, दुसऱ्यातून लाल. बाजूच्या फटीतून हिरवा दिवा लुकलुकतो. म्हणजे चालू.

गुंडाळण्याआधी विहाराच्या अंगणातून फिमला पहिला निरोप पाठवून घेतला. मी ठीक आहे, मन शांत आहे वगैरे. गेला.

विज्ञान अधिक धर्म. अशी सुरक्षा या जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या रायडरकडे नसेल.

२८ जून, शुक्रवार

पहाटे ५ : निघालो.
९.४० : खरंच निघालो. (चेन सैल होती. देचने घट्ट केली. पाच वाजता तो उठत नाही, हा त्याचा दोष.)

एकटेपणा. वारा. माणूस आणि यंत्र. अठराव्या किलोमीटरला कॉफी. तिथून धुकं खाली उतरलं, म्हणून आणखी एक कॉफी. पुढे रस्त्याकडेला पाटी होती, खोल्या भाड्याने, गरम पाणी. तंबू बरोबर आहे, पण तंबू ही संकटकाळची सोय आणि संकट अजून आलेलं नाही. मुक्काम इथेच.

दर तासाला बटण दाबलं. आठवण फार आली तेव्हा तीनदा.

२९ जून, मीठविहिरींचं गाव

शाळेच्या गच्चीवर रेंज मिळते. फोन वाजतच राहिला. फिमचे निरोप. सगळे उतरवून घेतो, फोन हरवला तर?

पहिला: खेम, बघितलं. विश्वास बसेना. आईला दाखवलं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. साधू, साधू.

ओरनमावशी माझ्या राइडवर रडली. त्या बाईला मी दगड समजत होतो.

दुसरा: एवढं मनात होतं तर बोलला का नाहीस? किती दिवस राहणार?

मी लिहिलं, मन भरेपर्यंत. बरं लिहिलं.

तिसरा: आई म्हणते पंधरा दिवस केलंस तरी खूप, पण पूर्ण तीन महिने राहिलास तर ती आयुष्यभर तुला विसरणार नाही.

हे वाचून डोकं फिरलं. बाईंना मी तीन महिने गावाबाहेर हवा आहे. वर गोड भाषा. लगेच लिहिलं: "तीन महिने तर तीन महिने. सगळ्या बाजाराला सांगा." पाठवूनही टाकलं. खेम कुणाला घाबरत नाही.

रागावर ताबा: उद्यापासून.

३० जून, रविवार

पडलो.

एका वस्तीकडे जाणारा सिमेंटचा उतार होता, त्यावर शेवाळ. वळणावर मागचं चाक पुढे आलं. गाडी गटारात आणि मी गाडीखाली. माझी चूक नाही, वळणाची आहे. पाय टेकवेना. आजूबाजूला चिटपाखरू नाही.

११.०५ : लाल बटण दाबलं. शिस्तीत, मनात दहापर्यंत मोजून.
११.३० : आवाज आला. हेलिकॉप्टर नाही, गवत कापायचं यंत्र. लांब कुठेतरी.
१२.१५ : फिमला एव्हाना कळलं असेल. घरातून धावत निघाली असेल. केस नीट केले.
१.४० : परत दाबलं. पाच वेळा. हिरवा दिवा लुकलुकतोय. उपग्रहाचीही जेवणाची सुट्टी असते का?

अडीचच्या सुमारास पाठीवर बांबूच्या कोंबांची टोपली घेऊन एक म्हातारी आली. बराच वेळ उभं राहून बघत होती. मग विचारलं, ताईत असा दाबून दाबून काय उपयोग, देवाला ऐकायला येत नाही का? मी सांगितलं, हे उपग्रहाचं यंत्र आहे, सुटका बोलावतंय. तिने टोपली खाली ठेवली. म्हणाली, "ते बोलवू दे बाबा निवांत. तोवर मी जावयाला हाक मारते." आणि मारली. एकच. डोंगर हलला. दहा मिनिटांत जावई कोबी भरलेला पिकअप घेऊन हजर.

कोबीवर मी, शेजारी गाडी, असे पुआला आलो. वाटेत मेण फोडलं, शिसं सोडलं. ट्रॅकर तापला होता आणि निरोपांची रांग लागली होती: पाठवता आला नाही, पाठवता आला नाही, पाठवता आला नाही. एकावन्न. फोनवर नकाशा उघडला. माझा ठिपका बुधवारपासून विहाराच्या अंगणात. दहा मीटरही हलला नव्हता.

१ जुलै

पाय बांधलाय, मोडलेला नाही. तरी आईला तिची स्कूटर काढायला लावून विहारात गेलो, भांडायला. मोठ्या भंतेंना सांगितलं, तुमच्या शिशातून निरोप बाहेर पडला नाही, मी मेलो असतो. त्यांनी शांतपणे विचारलं, मेलास का? नाही. मग शिसं चाललं म्हणायचं.

आणि म्हणाले, चतुर्दशीला येतोस तेव्हा नखं कापून ये. मी म्हटलं, कशाला येऊ?

तेव्हा आईने सांगितलं. माझ्याशी नजर न मिळवता.

वर्षावासाच्या, म्हणजे भिक्खूंच्या पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या मुक्कामाच्या, आधी दीक्षा घेणारी मुलं मंत्र पाठ करायला विहारात राहायला जातात. तीन दिवस माझा ठिपका विहारात. त्यात निरोप, मन शांत आहे. फिमने आणि तिच्या आईने जो अर्थ काढायचा तोच काढला. वर मी स्वतःच्या हाताने लिहिलं, तीन महिने, सगळ्या बाजाराला सांगा. ओरनमावशीने सांगितलं. मासेवालीपासून पोस्टमनपर्यंत. काल मावशी आमच्या घरी येऊन चिवर, भिक्षापात्र आणि छत्रीचे पैसे ठेवून गेली. दीक्षेचा सगळा खर्च तिचा. आईला तिने मिठी मारली म्हणे. आई म्हणते, तिच्या तोंडावर खरं कसं सांगू, तूच सांग.

सांगणार. उद्या सकाळी नऊला. स्पष्ट शब्दांत.

३ जुलै

काल पाय दुखत होता. आज गेलो. फिम ऑफिसच्या पायऱ्यांवर भेटली. मी भाषण पाठ केलं होतं, पहिलं वाक्य "एक तांत्रिक गैरसमज झाला आहे". तिने माझ्या पायाकडे बघितलं, म्हणाली विहारात जिन्यावरून पडलास का. मी हो म्हटलं. का म्हटलं?

मग ती म्हणाली, "मला वाटायचं तू नुसता आवाज करतोस. तसा नाहीस." आणि माझ्याकडे नीट बघितलं. पहिल्यांदाच. पाच वर्षांत.

भाषण मनातच राहिलं.

निर्णय: चिवर घालणार. ही माघार नाही, डावपेच आहे. तीन महिन्यांत पक्का होऊन बाहेर येतो, कच्चा म्हणायची सोय संपली, आणि मुलीच्या आईने स्वतः खर्च केलाय. एवढा खर्च कोण कुणासाठी करतं? जावयासाठी.

१० जुलै

मंत्र पाठ होत नाहीत. पाली भाषा मुद्दाम अवघड केली आहे.

मुख्य गोष्ट उशीची. दीक्षेच्या मिरवणुकीत होणाऱ्या भिक्खूची उशी जी मुलगी छातीशी धरून चालते ती त्याची कोण लागणार, हे गावात कुणी कुणाला विचारत नाही. कळतं. आईकडून फिमला निरोप धाडला, उशी घेशील का. उत्तर आलं, घेईन की, आनंदाने. मी घरात तीनदा उड्या मारल्या. पाय परत सुजला.

देचला सांगितलं. तो गाडीचं चाक सरळ करत होता. म्हणाला, मावशीला मुलगा नाही, हे तुला माहीत आहे ना? मी म्हटलं, म्हणूनच तिला जावई हवा. त्याने पाना बदलला.

१९ जुलै, शुक्रवार

पहाटे भुवया गेल्या. आरशात बघितलं. उकडलेल्या अंड्याला कान.

मिरवणूक. ढोल, छत्री, नाचणाऱ्या म्हाताऱ्या. मागे फिम, पांढऱ्या कपड्यांत, हातात उशी. कडेला कमळं तिने स्वतः भरली होती. मी मागे वळून वळून बघत होतो, छत्रीवाल्याने दोनदा मान सरळ केली.

विहाराच्या पायरीवर ओरनमावशीने माईक घेतला. म्हणाली, मुलाच्या चिवराला धरून आई स्वर्गात जाते, मला मुलगा नव्हता, वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मिरवणुकीत नुसती नाचले. आज मी दीक्षा देणारी आई झाले. खेम आजपासून माझा मुलगा, मरेपर्यंत. सगळ्यांनी साधू साधू म्हटलं. माझ्या आईनेसुद्धा. ती रडत होती, दोघी एकमेकींना धरून रडत होत्या.

फिमने उशी माझ्या हातात दिली. हळूच म्हणाली, "मला लहानपणापासून भाऊ हवा होता रे."

पाली आठवेना. मोठ्या भंतेंनी एकेक शब्द पुढे सांगितला.

२१ जुलै, वर्षावासाचा पहिला दिवस

विहाराबाहेर रात्र काढायची नाही, तीन महिने. एक्याण्णव दिवस शिल्लक. मोजत नाही.

सकाळी भिक्षेच्या वेळी ओरनमावशी विहाराच्या दारात गुडघ्यांवर बसली होती. चिकट भात, तळलेलं डुकराचं मांस, आणि वेगळ्या पुडीत मला आवडते ती मिरचीची चटणी. तिला कुणी सांगितलं? तिच्याकडे बघून रागावता आलं नाही. उद्यापासून प्रयत्न करतो.

२८ जुलै, रविवार

सकाळी फिम विहारात आली. माझ्या मोटरसायकलवर. हेल्मेट माझं, जॅकेट माझं. आईने किल्ली दिली म्हणे, बहिणीला नको कशी म्हणणार, आणि गाडी पडून गंजली असती. ऑफिसला सुट्टी आहे, सरहद्दीपर्यंत जाऊन येते, एकटीच. ट्रॅकरही घेतला. मोठ्या भंतेंनी परत शिसं काढलं. तिने दोन्ही हातांनी घेतलं, तीनदा वाकली आणि सीटखाली ठेवलं. ट्रॅकर उघडा, आरशाच्या दांड्यावर.

लिंक मला. म्हणाली, घरचं कुणीतरी बघणारं हवं.

माझा फोन कपाटात. मोठ्या भंतेंच्या फोनवर दोघे बसून बघितला. अर्ध्या तासात ती माझ्या पहिल्या कॉफीच्या पुढे गेली. मोठे भंते चष्मा लावून म्हणतात, "पोरीचा हात सरळ आहे."

१०.५० : शेवाळाच्या वळणावर ठिपका थांबला. दहा मिनिटं. वीस मिनिटं. मी उठून उभा राहिलो. चिवर पायात आलं. निरोप आला: मी ठीक आहे. एका आजीची टोपली वरच्या वस्तीपर्यंत पोचवतेय.

११.४० : ठिपका पुढे सरकला. मी कधी गेलो नाही तिकडे.

१२.०५ : जेवण राहून गेलं. आता उद्या.