सात विमानं बाजूला

८ जानेवारी

ती. ताईस,
मुंगीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र घरच्या पत्त्यावर आलं, बाबांच्या हाती पडता पडता राहिलं. यापुढे वाचनालयाच्या पत्त्यावर पाठव. तिथल्या बाई माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतील. फोनही करू नकोस, कारण फोन राहिलाच नाही. बाबांनी तो आधी भिंतीवर आपटला, मग बुटाच्या टाचेखाली घेतला. मी कुणाशी बोलत होते ते सांगितलं नाही, एवढंच कारण.

आता बातमी. लेखी परीक्षेत मी पास झाले. एअर ट्रॅफिक कंट्रोलर म्हणजे नेमकं काय, असं तू विचारलं होतंस. पडद्यासमोर बसायचं आणि विमानांना सांगायचं, तू थांब, तू वर जा, तू डावीकडे वळ, म्हणजे ती एकमेकांवर आदळत नाहीत. शिकाऊंच्या चौदा जागा, त्याही परगावी, अर्ज बाराशे. लेखीनंतर आम्ही एकशे ऐंशी उरलो. पुढे संगणकावरची चाचणी, मग निवडीचा दिवस, मग डॉक्टर.

आईच्या उजव्या हाताची दोन बोटं प्लास्टरमध्ये आहेत. ती ड्रॉवरमधून चमचा काढत होती आणि बाबांनी लाथ मारून ड्रॉवर बंद केला. दवाखान्यात तिने दारात सापडली असं सांगितलं. पण परत येताना रस्त्यात मला म्हणाली, तू तिथे नोकरीला लाग, मग मी तुझ्याबरोबर येते. ताई, हे ती पहिल्यांदा म्हणाली. आता मला नापास व्हायची सोय उरलेली नाही.

भावजींना नमस्कार, छोटीला पापा. माया आहे तेवढी असू दे, वाढली तर माझी हरकत नाही.

तुझी
मुंगी


१९ जानेवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

गॅसवर दूध ठेवून विसरणारी मुलगी आता विमानं सांभाळणार! तुझे भावजी म्हणतात, आपण आयुष्यभर बसनेच जाऊ. माझ्या मनात मात्र धाकधूक आहे. आई माझ्याकडे यायला कधीच तयार झाली नाही, जावयाच्या घरी राहायचं नाही हा तिचा हट्ट. म्हणजे सगळी भिस्त तुझ्यावर.

खरं सांगू, तुझ्याइतकी तयारी दुसऱ्या कुणाची असणार? फाटक वाजलं की बाप वखारीतून पिऊन आलाय की नुसताच चिडून, हे आपण पावलांवरून ओळखायचो. मी आईला मागच्या दाराने काढायची, तू वह्या उचलायचीस आणि खाटेखाली जायचीस. कुणी कुणाच्या आड यायचं नाही. एकदाच माझं गणित चुकलं, तर भुवईवर सहा टाके पडले. त्याच आठवड्यात मी घर सोडलं, अकरा वर्षांच्या तुला तिथे ठेवून. दहा वर्षं झाली, अजून आरशात ती भुवई बघितली की स्वतःची लाज वाटते.

अभ्यास कर, नीट जेव. पोस्टमन दिसला की छोटी तुझं पत्र मागते, तेव्हा आम्हा तिघांना ताटकळत ठेवू नकोस.

तुझी
ताई


२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

संगणकाच्या चाचणीत मी पहिली आले. पडद्यावर ठिपके पळतात, कानात कुणी आकडे सांगत असतं, खाली बेरजा येत राहतात, आणि सगळं एकाच वेळी करायचं. शेजारचा मुलगा घामाने निथळत होता. मला तर घरीच बसल्यासारखं वाटत होतं.

पण काल निवडीचा दिवस होता आणि तिथे मी माती खाल्ली. खोटीच विमानं, आठ. वैमानिकांचे आवाज पलीकडच्या खोलीतली माणसं काढतात. त्यातल्या एकाने मुद्दाम त्रास द्यायचा असतो. तो आपली वाट सोडून घुसला आणि ओरडायला लागला, मी थांबणार नाही, बाकीच्यांना हटव, तुझ्यासारख्या पुष्कळ पाहिल्यात. मी त्याच्या वाटेतली सातही विमानं हलवली. कुणाला वर, कुणाला वळसा घालून. नऊ मिनिटांत एकही टक्कर नाही. मला वाटलं, जिंकले.

परीक्षक बाईंनी सव्वीस वर्षं हे काम केलंय. त्यांनी कागदावर सात रेघा ओढल्या आणि म्हणाल्या, "सातांना हलवलंस. चुकत होता तो एक. त्यालाच वळ म्हणून का नाही सांगितलंस?"

मी म्हटलं, तो रागावला होता. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, रागावलेल्याला रस्ता मोकळा करून देणं हे आमचं काम नाही, त्या सातांत दोघांचं इंधन संपत आलं होतं. बाकी गुण चांगले म्हणून वीस तारखेला पुन्हा एकदा बोलावलंय. आदेशाचं वाक्य ठरलेलं असतं, तीन-चार शब्दांचं. तिथल्या बाथरूममध्ये आरशासमोर म्हणून पाहिलं, आवाज फुटेना.

घरी आले तर आईच्या गालावर पाच बोटं उमटली होती. मी तिला शेजारी पाठवलं, बाबांचं ताट वाढलं, काचेचं सगळं उचलून ठेवलं. हात आपोआप चालत होते. तेव्हा कळलं की मी हेच करत आले आहे. खूप भीती वाटते गं. लोभ असू दे, आज जरा जास्तच हवाय.

तुझी
मुंगी


९ मार्च

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

परीक्षक बाईंना माझा नमस्कार सांग. आपल्याला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

तुझ्या सरावासाठी काय करता येईल ते बघायचं म्हणून मी भावजींना त्या वैमानिकासारखं ओरडायला सांगितलं. दिवसभर बेकरीच्या भट्टीशी उभा राहणारा माणूस, पण ओरडता येईना. आधी खोकला आला, मग त्यांनी माफी मागितली. तिसऱ्या वेळी जमलं. आणि मुंगी, त्यांचा आवाज चढला मात्र, मी छोटीला उचलून आतल्या खोलीत ठेवून दार लावलं होतं. कधी उठले तेही आठवत नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला. या माणसाने दहा वर्षांत माझ्यावर हात उगारलेला नाही. म्हणजे मी घर सोडलं, पण ते माझ्याबरोबर आलंच.

तू सराव कर, पण भिंतीशी कर. घरात प्रयोग करू नकोस. तो विमान नाही.

एवढं माझं ऐक, मग वर्षभर काही ऐकलं नाहीस तरी चालेल.

तुझी
ताई


२४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ऐकलं नाही.

अठरा तारखेला बाबा ओसरीवर फळी ठोकायला बसले होते. इस्त्री करता करता उठून आईने खिळे दिले ते आखूड निघाले. त्यांनी फळी उचलली. एरवी मी आईला बाहेर काढलं असतं. त्या दिवशी मध्ये उभी राहिले आणि म्हणाले, "बाबा, थांबा. मागे फिरा." आवाज सपाट होता, विमानांना आदेश देतात तसा. मग फळी माझ्या डाव्या हातावर बसली आणि हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. मी पुन्हा तेच म्हणाले. दुसरी पाठीवर बसली. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा गुडघ्यांवर होते आणि तोंडात रक्त होतं.

ते फिरले नाहीत. आईने तापलेली इस्त्री उचलली आणि मागून त्यांच्या कानाजवळ घातली. ते ओसरीच्या पायऱ्यांवरून खाली कोसळले. ती खाली गेली आणि पडलेल्या माणसाला आणखी चार वेळा मारलं. मी तिला थांबवलं नाही, हेही लिहून ठेवते. बाबांच्या खुब्याचं हाड मोडलंय, मान भाजलीय, उजवा हात लुळा पडलाय. दवाखान्यात आम्ही दोघींनी सांगितलं, शिडीवरून पडले. त्यांनीही मान हलवली.

वीस तारखेला प्लास्टर घालून गेले. तो ओरडणारा आला. मी त्याला वळायला सांगितलं आणि तो वळला. ताई, पडद्यावर ते इतकं सोपं असतं. परीक्षक बाईंनी हाताचं विचारलं, तेव्हा खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या की डॉक्टरांची तपासणी एप्रिलच्या शेवटी ठेवू, तोवर हाड जुळेल.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र लिही.

तुझी
मुंगी


२१ मे

चि. मुंगीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

चौदांत तू सहावी आलीस आणि तिकडे रुजूही झालीस, हे अजून खरं वाटत नाही. वाचनालयाच्या बाईंनी यादी आणून दाखवली, मी तीनदा वाचली. तुला खोली मिळाली की मागून येते असं मी म्हणाले होते, पण मी येणार नाही. मन मोठं कर.

यांना कुशीवर वळायलाही माणूस लागतं. काल यांनी घास सांडला तेव्हा मी चमचा दातांवर मारला, एक दात हलतोय. परवा फार हाका मारत होते, म्हणून तोंडावर उशी धरली. गप्प झाल्यावर काढली. आता हाका मारत नाहीत. मी खोलीत गेले की भिंतीकडे सरकतात. तीस वर्षं मी सरकत होते.

मला इथे बरं वाटतंय. झोप लागते, अंगही भरलंय. शेजारीण म्हणते तोंडावर तेज आलं. तू डोक्याला तेल लाव, उपाशी कामावर जाऊ नकोस. मला आठव, पण न्यायला येऊ नकोस.

तुझी
आई


२८ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईचं पत्र सोबत पाठवते, बसून वाच. मी दोन दिवसांची सुट्टी काढून गेले होते. परीक्षक बाईच आता आमच्या शिक्षिका आहेत, त्यांनी कारण न विचारता सही केली.

बाबा अर्धे झालेत. मला बघून रडले. मला कीव आली नाही, खोटं कशाला लिहू? पाणी प्यायला दिलं ते त्यांच्या गळ्यावर सांडलं आणि आईने कोपऱ्यातली काठी उचलली. तो भाव मी बाबांच्या चेहऱ्यावर ओळखते, पण आईच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. मी मध्ये उभी राहिले. म्हणाले, "आई, थांब. मागे फिर."

तिने माझ्या तोंडावर काठी मारली. आईने, ताई, जिने आपल्याला कधी टपलीसुद्धा मारली नाही. ओठ फाटला. मी तेच पुन्हा म्हणाले, त्याच आवाजात. काठी वरच राहिली. मग ती खाली बसली आणि म्हणाली, "मला ने इथून. नाहीतर मी यांना मारून टाकीन."

काकांना बोलावून घेतलं. ते बाबांना आपल्या घरी घेऊन गेले. मला वसतिगृहातून स्वतंत्र खोली मिळायला सहा महिने आहेत, म्हणून आई शनिवारी दुपारच्या बसने तुझ्याकडे येते आहे. जावयाच्या घराबद्दल एक अक्षर बोलली नाही. ती मध्येच हसते. भावजींना म्हणावं, जसे आहात तसेच राहा.

तू आईची वाट बघत असशील, म्हणून पुढचं लिहून दोनदा खोडलं. तिला पोटाशी धर, खाऊपिऊ घाल, पण पहिले काही दिवस छोटीला तिच्याजवळ एकटी सोडू नकोस.

माझ्यावरची माया यावेळी तिला दे.

तुझी
मुंगी