परसातली चूल

जळगाव, ता. ४ डिसेंबर १९५५

तीर्थस्वरूप अक्काच्या चरणी तोतारामाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

दिवाळीनंतर तुला एकही पत्र लिहिलं नाही, त्याबद्दल आधी क्षमा कर. शाळेत परीक्षा होत्या, सौ. प्रमिलाला ताप येऊन गेला, अशा सबबी आहेत. पण रोजनिशी लिहायला मला रोज वेळ मिळत होता, तेव्हा त्या सबबींवर माझाच विश्वास बसत नाही. प्रमिला आता बरी आहे आणि तुझी आठवण काढते.

सध्या एक काम अंगावर घेतलं आहे. शाळेच्या वार्षिकासाठी हेडमास्तरांनी माझ्याकडे निबंध मागितला. आपण माळकरी म्हणून मी विषय घेतला मांसावाचून जेवणाऱ्यांच्या इतिहासाचा. वाचनालयातून पुस्तकं आणली आहेत. यज्ञात पशू मारणारे लोक हळूहळू त्यापासून कसे दूर झाले, जैन-बौद्धांनी काय सांगितलं, वैष्णवांनी काय धरलं, हे सगळं वाचतो आहे. विलायतेतही शंभर वर्षांपूर्वी मांस न खाणाऱ्यांचं एक मंडळ निघालं होतं. आणि भूमितीत मुलांना छळणारा तो पायथागोरस, तोही मांस खात नसे! पण त्याला म्हणे शेंगांतले दाणेही वर्ज्य होते. खानदेशात जन्मला असता तर उपाशीच राहिला असता. प्रमिला म्हणते, ज्या माणसाला स्टो पेटवता येत नाही त्यानं स्वयंपाकाचा इतिहास लिहावा म्हणजे कमाल झाली.

म्हणून तुला विचारतो. फैजपूरच्या आपल्या घरात लहानपणीच तुझ्या गळ्यात तुळशीची माळ पडली, आणि लग्न होऊन तू गेलीस मांस खाणाऱ्या घरात. तिथे तू नेम कसा पाळलास? इतक्या वर्षांत मी हे कधी विचारलंच नाही. तुझ्या पातोडीच्या रश्शाची कृतीही लिहून पाठव. बेसनाच्या त्या वड्या आणि काळ्या मसाल्याचं ते तिखट पाणी इथं कुणाला जमत नाही.

अभिमनदाजींना आणि तुझ्या सासूबाई भिकुबाई मावशींना नमस्कार. माझ्यावर रागावलीस तरी रागावून का होईना, पण लिही.

तुझा,
तोताराम

*

धुळे, ता. १५ डिसेंबर १९५५

चि. तोतारामास शेवंताचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. रागवायला सवड नाही, म्हणून माफ केलं.

तू विचारलंस ते सांगते. मी नवी सून होते तेव्हा पहिल्याच आठवड्यात घरात मटण आलं. मी चुलीपाशी होते, तिथून उठले आणि दाराआड रडत उभी राहिले. सासूबाईंनी माझ्या गळ्यातल्या माळेकडे एकदा पाहिलं, चुलीतलं जळतं लाकूड चिमट्यात धरलं आणि परसात निघाल्या. कडुनिंबाखाली तीन दगड मांडून तिथं मटण शिजवलं. त्या दिवसापासून आतली चूल माझी, बाहेरची त्यांची. तिकडची भांडी, पळी, घासायचा काथ्यासुद्धा वेगळा. पाऊस असला तर डोक्यावर पोतं घेऊन बसायच्या. शेजारणी टोमणे मारायच्या की सून घरात आणि सासू उकिरड्यावर. त्या म्हणायच्या, बाहेर वारा चांगला लागतो. इतकी वर्षं झाली, उंबऱ्याच्या आत मांस शिजलेलं नाही.

मसाला मात्र एकच. कांदा-खोबरं भाजून पाट्यावर मी वाटते. अर्धा आत राहतो, अर्धा बाहेर जातो. म्हणून माझ्या पातोडीच्या रश्शाला आणि त्यांच्या मटणाला वास एकच. हे तुझ्या इतिहासात बसतं का बघ. कृती नंतर लिहीन, कारण आज चित्त थाऱ्यावर नाही.

सासूबाईंना कार्तिकात विषमज्वर झाला होता. ताप उतरला, पण अंगात काही उरलं नाही. खाटेवर उठून बसवलं तर मान टाकतात. डॉक्टर परवा म्हणाले की दूध आणि मुगाच्या पाण्यावर हे शरीर उभं राहायचं नाही. बकऱ्याच्या पायांचं पातळ, सौम्य कढण रोज पोटात गेलं पाहिजे, नाहीतर आशा धरू नका, असंच त्यांनी सांगितलं. आता ते करायचं कुणी? बाहेरची चूल ज्यांची त्याच आडव्या पडल्या आहेत. शेजारून वाटी आली तर ती त्यांना उलटून पडते. माझ्या हातचंच काय ते टिकतं. तुझ्या दाजींना तू ओळखतोस, चहासुद्धा उतू घालवतात.

तोताराम, माळ चार दिवस काढून देवाजवळ ठेवली आणि मी त्यांना कढण करून दिलं, तर ती पुन्हा घालता येते का? तू कॉलेजात शिकलास, आणि सध्या याच विषयाची पुस्तकं उपसतो आहेस. मला खरं काय ते सांग, मला बरं वाटेल असं सांगू नकोस. उत्तर लवकर धाड.

तुझी,
अक्का

*

जळगाव, ता. १९ डिसेंबर १९५५

तीर्थस्वरूप अक्काच्या चरणी साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र कालच मिळालं. काल रात्री दोन उत्तरं लिहिली आणि दोन्ही फाडली. पहिलं फार शहाणपणाचं होतं, दुसरं फार गोड.

तू खरं सांग म्हणालीस, म्हणून सांगतो. जुन्या धर्मशास्त्रात एक यादी सापडते. जनावर मारायला संमती देणारा, मारणारा, कापणारा, विकणारा, घेणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा, सगळ्यांना त्यात एकाच ओळीत बसवलं आहे. तुझ्यापासून हे लपवलं असतं तर तुला फसवल्यासारखं झालं असतं. पण त्याच आपल्या पूर्वजांच्या वैद्यकात, आजारानं खंगलेल्या माणसाला मांसाचा रस द्यावा असंही लिहिलं आहे. बुद्धाच्या भिक्षूंना भिक्षेत पडेल ते चालत असे, फक्त त्यांच्यासाठी मुद्दाम मारलेलं नको. अडीच हजार वर्षं मोठमोठी माणसं हा वाद घालत आली आणि त्यांचं एकमत झालं नाही. काढलेली माळ पुन्हा घालता येते का, हे मला एकाही पुस्तकात मिळालं नाही. मी लिहितो आहे इतिहास, आणि तू विचारतेस आज संध्याकाळचं.

म्हणून मला सुचतं ते इतकंच. आधी कुळथाचं कढण देऊन पाहा. त्यात ताकद असते असं आई म्हणायची. कुळीथ आणि केळी उद्याच्या एस.टी.नं ओळखीच्या माणसाबरोबर पाठवतो. त्यानं भागलं तर देवच पावला. नाही भागलं, तर तू काय करावंस हे सांगण्याचा अधिकार मला वाटत नाही. फक्त एक लक्षात ठेव. तू माळ काढलीस तरी माझ्या लेखी तू आहेस तीच अक्का राहशील, आणि फैजपूरला कुणी काही बोललं तर त्यांना उत्तर मी देईन.

मावशींची खबर कळवत जा, नाहीतर जीव टांगणीला लागतो.

तुझा,
तोताराम

*

धुळे, ता. १० जानेवारी १९५६

चि. तोतारामास अनेक आशीर्वाद.

आधी सांगते, सासूबाई आज भिंतीला धरून ओट्यापर्यंत आल्या. आता पुढचं सावकाश वाच.

तुझे कुळीथ पोचले. आठ-दहा दिवस दिलं, त्यांनी मुकाट्यानं घेतलं, पण अंग काही धरेना. एका संध्याकाळी त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला तर तो मला वाळल्या पानासारखा लागला. मग मी ठरवलं. सकाळी अंघोळ केली, माळ काढून देवाजवळ खुंटीला अडकवली. तुझे दाजी पाये घेऊन आले होते. परसातली चूल पेटवली आणि भांडं हातात घेतलं.

खाटेवरून परसाचं दार दिसतं हे मी विसरले होते. पाठीमागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. बघते तर सासूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या! ज्यांना मान धरवत नव्हती त्या. त्यांनी माझा मोकळा गळा पाहिला आणि अशी काही तोफ डागली की शेजारचा निंबा कुंपणाशी येऊन उभा राहिला. म्हणाल्या की इतकी वर्षं मी इथं बसून धूर खाल्ला तो काय तुझी माळ खुंटीला टांगायला? माळ आधी गळ्यात घाल, नाहीतर त्या भांड्यातला थेंब माझ्या तोंडात जायचा नाही, मेले तरी चालेल. मी म्हटलं, तुम्ही गेलात तर मी ही माळ घालून काय करू? तर म्हणाल्या, मग मी जगते ना, पण त्या बैलाला बसव चुलीपुढं. बैल म्हणजे तुझे दाजी. एवढा जिल्हाभर कापसाचा व्यापार करणारा माणूस, आईपुढं मुकाट उकिडवा बसला.

पहिल्या दिवशी त्यांनी मूठभर मसाला टाकला. सासूबाईंना अशी उचकी लागली की आम्ही घाबरलो. त्या मात्र उचकीतच हसत होत्या. दुसऱ्या दिवसापासून मी उंबऱ्यात बसून सांगायचे, हे तिकडं करायचे. हळद चिमूटभर, मिरी चार दाणे, मसाला अजिबात नाही, जाळ कमी, वरचा मळ काढा. दोन पावलांचं अंतर, पण ना मी उंबरा ओलांडला ना ते भांडं आत आलं. तुझ्या यादीत संमती देणाराही आहे म्हणतोस, तर माझं नाव खुशाल लिही. माळ गळ्यात आहे आणि सासूबाई खाटेवर बसून सगळ्यांना शिव्या घालताहेत, मला एवढं पुरे. तुझ्या दाजींना आता चहाही येतो.

एक निरोप आहे. काल सासूबाईंनी तुझी चौकशी केली. म्हणाल्या, तुना भाऊ इतला शिकेल शे, एवढा शिकलेला, पन माझ्या घरी कधी जेवला नाही. येतो तेव्हा ओट्यावर बसतो, पिशवीतली केळी काढतो, दूध पितो आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठतो. तुझे वडीलही तसेच. मी चूल बाहेर नेली तरी यांना घर बाटलेलंच वाटतं का, असं त्यांनी मला विचारलं. तोताराम, मला वाटत होतं तुला चुलीचं ठाऊक आहे आणि तरी तुझा नेम कडक आहे. तुला ठाऊकच नव्हतं हे तुझ्या डिसेंबरच्या पत्रावरून कळलं. त्यांना काय सांगू ते कळव. मुलांना आशीर्वाद, प्रमिलाला जप.

तुझी,
अक्का

*

जळगाव, संक्रांत, ता. १४ जानेवारी १९५६

तीर्थस्वरूप अक्काच्या चरणी साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र प्रमिलाला मोठ्यानं वाचून दाखवलं. दाजी उकिडवे बसले तिथं ती इतकी हसली की तिळाचे लाडू वळायचे राहिले, आणि माळेच्या जागी मला पुढं वाचवेना, तेव्हा पत्र तिनं हातात घेतलं.

तुझ्या आधीच्या पत्रातून परसातल्या चुलीची हकीकत मी निबंधात उतरवून घेतली होती. चांगलं उदाहरण मिळालं म्हणून खूशही झालो होतो. पण ज्या स्वयंपाकघरात मांस शिजत नाही तिथं माझं पान मांडायला हरकत काय, एवढा साधा विचार डोक्यात आला नाही. आपल्याकडे मांस खाणाऱ्याच्या घरी केळी-दुधावर भागवायचं, हे बाबांचं पाहून मी उचललं आणि त्याला नेम म्हणत राहिलो. त्या प्रत्येक वेळी मावशी दारात उभ्या राहून दूध आणखी हवं का विचारत होत्या, हे आता आठवतं.

निबंध काल पूर्ण केला. पुन्हा वाचला तेव्हा दिसलं की त्यात फक्त सोडणाऱ्यांची नावं आहेत. ज्यांनी स्वतः सोडलं नाही, पण दुसऱ्याचं सोडणं सांभाळलं, पावसात पोतं पांघरून सांभाळलं, त्यांचा माझ्या एकाही पुस्तकात उल्लेख नाही. अशी माणसं घरोघर असणार. त्यांच्यावाचून आपल्यासारख्यांचे नेम चार दिवस टिकले नसते. शेवटचा परिच्छेद खोडून त्यांच्यावर नवा लिहिला आहे. मावशींचं नाव घातलेलं नाही, ते त्यांना विचारल्याशिवाय घालणं बरं नाही. आपली अक्का इतकी वर्षं कुणाच्या छायेत सुखानं नांदली हे मला आज कळलं, आणि हे त्यांच्या हयातीत कळलं याबद्दल मी देवाचे उपकार मानतो.

त्यांना काय सांगू असं तू विचारलंस. तू काही सांगू नकोस. हे पत्र टपालात टाकलं तर माझ्या मागून पोचेल, म्हणून खिशात घालूनच आणतो आहे. तुझा लोभ मला जन्मभर पुरला आहे; आता मावशींचाही थोडा मिळावा.

तुझा,
तोताराम

(त्याच रात्री तोतारामाच्या रोजनिशीत)
उद्या : पहिल्या एस.टी.नं धुळे. घरून काही न खाता निघायचं.